साडूला दिलेला सल्ला

हे मी शोभालाही सांगितलेलं नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोपासून लपवलेली गोष्ट माणसाजवळ एखादीच उरते—माझ्याजवळ ही आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. शिरूरच्या बाजारात आपण भेटलो असतो तर तुम्हीही मला 'नमस्कार सर' म्हणाला असता, आणि मी नेहमीसारखी मान हलवून पुढे गेलो असतो.

मी हायस्कूलवर गणित शिकवायचो. पण शिरूर कासारात माझं नाव झालं ते गणितामुळे नाही, शेअर बाजारामुळे. आमच्याकडे शेअर म्हटलं की साखर कारखान्याचा. दुसरा शेअर असतो हे कुणाच्या गावी नव्हतं. मी बीडला जाऊन डीमॅट खातं उघडलं तेव्हा स्टाफरूममधले लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी विमान चालवून आलोय. मग मला बोलायची चटक लागली. कुणी विचारो न विचारो, मी सांगायचो—'बाजारात मन घेऊन जायचं नसतं. मन चपलेसारखं दारात काढून ठेवायचं आणि मगच आत शिरायचं.' हे माझं ठरलेलं वाक्य. हेडमास्तरांनी ते एकदा पालकसभेतसुद्धा वापरलं, आणि माझं नाव घेऊन वापरलं.

आणि मी स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान—पुढचं तुम्हाला येतंच. भाव दोन रुपयांनी उतरला की मी ब्रोकरला फोन लावायचो. नववी 'ब'ला फळ्यावर उदाहरण घालून द्यायचो आणि टेबलाखाली मोबाइल बघायचो. चढला की धावत घ्यायचो, पडला की घाबरून विकायचो, आणि मी विकला की तो हमखास चढायचा. असं वर्षानुवर्षं केलं. पण बाहेर कुणाला काय दिसत होतं? इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि तोंडात ते चपलेचं वाक्य.

आता साडूंबद्दल सांगतो. खरं तर त्यांच्याबद्दलच सांगायचंय, पण मी जरा लांबून येतोय—तुमच्या लक्षात आलंच असेल.

शोभाची धाकटी बहीण मंदा. तिचे मालक अंकुशराव, चकलांब्याचे. दहावी पास. साखर कारखान्यात चिटबॉय. म्हणजे काय, तर आज कुणाचा ऊस तोडायचा याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या घरी पोचवायची आणि तोडणीची टोळी त्या फडात नेऊन सोडायची. हंगामभर मोटारसायकलवर, कानाला मफलर, अंगभर धूळ. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. सासुरवाडीला आम्ही दोघं जावई एका पंगतीला बसलो की कुणाकडे बघून आपली मुलगी चांगल्या घरी पडली असं मामांना—म्हणजे आमच्या सासऱ्यांना—वाटत असेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी अंकुशरावांना कमी लेखायचो. आता इथं तरी स्पष्ट बोललं पाहिजे.

एका वर्षी कारखान्यानं त्यांच्या पगाराचा अडकलेला फरक एकदम दिला. ते पैसे घेऊन ते एसटीनं थेट माझ्याकडे आले. म्हणाले, 'सर, तुमच्या त्या बाजारात टाका. वैशालीच्या शिक्षणाला हुतील.' वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सातवीत. तिला औषधांचं शिकायचं होतं—फार्मसी. घरात आजीच्या गोळ्यांच्या डब्या ती ओळीनं मांडून ठेवायची, कुठली सकाळची, कुठली रात्रीची, सगळं पाठ.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मदत करायला मिळाली याचा नव्हे, ज्ञान दाखवायला मिळालं याचा. मी त्यांना बीडला नेलं, ब्रोकरच्या हापिसात खुर्चीवर बसवलं, सह्या कुठं करायच्या ते बोट ठेवून दाखवलं. पुण्याकडची एक कंपनी होती, पाण्याच्या टाक्या आणि पाइप बनवणारी. नाव सांगत नाही, त्या कंपनीचा यात काही दोष नाही. मी म्हणालो, 'आपल्या भागात पाऊस पडो न पडो, टाकी विकली जाणारच.' ते खरंच होतं. त्यांनी तिचे शेअर घेतले. थोडे मीही घेतले.

परत येताना एसटीत त्यांनी मला विचारलं, 'सर, दिवाळीला काय देतेत हे?'

मला कळेना. मग उलगडा झाला. कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला स्वस्त साखर मिळते ना, तसं ही कंपनी सभासदाला काय देते, टाकी का पाइप, असा त्यांचा प्रश्न होता. मी इतका हसलो की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तो किस्सा साभिनय करून दाखवला. गाढवाला गुळाची चव काय, असंही म्हणालो. हो, असं म्हणालो मी—माझ्या बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला.

पण ही चूक—तिला चूक म्हणावं की काय, मला आजही ठरवता येत नाही—त्यांच्या डोक्यात पक्की बसली. त्यांच्या वडिलांचा कारखान्याचा शेअर घरात काचेच्या चौकटीत होता. तो कुणी विकत नसतं. बापाकडून लेकाकडे येतो. त्याचा भाव रोज कोण बघतं? सभा असली की धुतलेले कपडे घालून जायचं, 'मंजूर' म्हणायचं, जेवायचं, परत यायचं. अंकुशरावांनी टाक्यांच्या कंपनीलाही तोच नियम लावला. डीमॅटचा जो कागद टपालानं आला तो त्यांनी बीडहून लॅमिनेट करून आणला आणि वडिलांच्या चौकटीशेजारी खिळ्याला टांगला. मी म्हणालो, 'अहो, भाव वाढला की विकायचे असतात.' ते माझ्याकडे बघतच राहिले. 'सभासद कुठं सभासदकी इकत असतो का, सर?'

आणि त्यांचं वाढत गेलं. ते बघत नव्हते तरी वाढत गेलं. हंगाम संपला की हातात राहिलेले थोडे पैसे घेऊन ते बीडला जायचे, त्याच कंपनीत टाकायचे आणि येताना वैशालीला वह्या आणायचे. बाजार पडला ते त्यांना कळायचं नाही. चढला तेही कळायचं नाही. मी मात्र त्याच कंपनीत सात वेळा आत-बाहेर केलं असेल. शेवटी एका रविवारी मी गुपचूप हिशोब मांडला, त्यांचा आणि माझा. त्यांचा कागद मला पाठच होता, कारण तो वाचून घ्यायला ते माझ्याकडेच आणायचे. गणित माझा विषय. उत्तर आल्यावर मी ते पुन्हा पडताळून पाहिलं आणि वहीचं ते पान फाडून चुलीत टाकलं.

शोभा एकदा सहज म्हणाली, 'मंदाच्या मालकाचं बरंय बाई. बघतच नाहीत, म्हणून टिकतंय.' ती भाजी निवडत होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी मी जेवताना भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून तिची खोड काढली. मीठ बरोबर होतं.

तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटलाय? तुमच्यापेक्षा मोठ्या माणसाचा नव्हे—तो सोसतो, त्याला आपण आदर म्हणून टाकतो. मी विचारतोय ते खालच्याचा. आपण ज्याला हाताला धरून वर चढवलं, ज्याच्यावर हसलो, त्याचा. तो आत कुठंतरी गळवासारखा ठसठसतो, आणि दाखवायचा कुणाला?

मग त्यांनी कळस केला. कंपनीची सभेची नोटीस आली, आणि हे गृहस्थ पुण्याला सभेला गेले! पांढरा सदरा, टोपी, भाकरी बांधून. एवढ्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं की अशा सभेला जाता येतं. तिथं सगळं इंग्रजीत चाललेलं, मोठा हॉल, थंडगार हवा. एक ठराव वाचून झाला आणि शांतता झाली. अंकुशरावांना वाटलं, आता आपलं काम. त्यांनी जागेवरून खणखणीत आवाजात सांगितलं—'मंजूर!'

सगळा हॉल वळला. मग पुढच्या रांगेतले दोन-चार म्हातारे हसत म्हणाले, मंजूर. चेअरमननं माइकवरून मराठीत विचारलं, 'काका, कुठून आलात?' हे म्हणाले, 'बीड जिल्हा. आमच्याकडं टाक्या लई लागतेत, पर त्यात टाकायला पाणी न्हाई, त्याचं बी काई बघा.' टाळ्या पडल्या म्हणे. नंतर चहाच्या वेळी त्या चेअरमननं यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला.

हे मला कसं माहीत? पाली गावात, मामांच्या घरी, मी ते पूर्ण ऐकलंय. धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे घालायचे, कपडे करायचे, ओवाळायचं—तुमच्याकडेही असेल. पाऊस नव्हता. बिंदुसरेच्या धरणात पोरं क्रिकेट खेळत होती. तरी सासूबाईंनी कुठून कुठून पाणी आणवून पुरण घातलं होतं. आम्ही दोघं पाटावर बसलो. मोठा जावई मी, मान पहिला माझा. आणि अंकुशराव सभेची गोष्ट सांगत होते, हातवारे करून, आणि सगळं घर त्यांच्याकडे तोंड करून बसलं होतं. सासूबाई हसता हसता ओवाळणीचं ताट घेऊन आल्या आणि सरळ त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. कुंकू लावलं, ओवाळलं. मग 'अगं बया, मोठं पाव्हणं राहिलंच की!' म्हणून माझ्याकडे वळल्या. सगळे हसले. मीही हसलो.

आणि जेवताना मामा म्हणाले—माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून—'अंकुशराव, त्या कंपनीत आमचे बी थोडे टाकावं म्हणतो. तुमी सांगताव तसं करू.'

मी तिथंच होतो. त्यांच्या डाव्या हाताला, दीड हातावर. ज्या माणसानं त्यांना बीडचं ते हापीस दाखवलं, तो. अंकुशरावांनी लगेच माझ्याकडे बोट केलं, 'सरांना इचारा मामा, आपल्याला काय कळतंय.' त्यांनी ते मनापासून केलं. पण मला वाटलं, हा माणूस मला मान भीक म्हणून वाढतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी धोंडा मोडून त्यावर तूप मागितलं.

इथवर आलोय तर पुढचंही सांगून टाकतो.

त्या वर्षी पडायचा तो पाऊस पडला नाही, आणि बाजार मात्र पडला. ऊस जळून गेला, कारखान्यानं यंदा बॉयलर पेटणार नाही म्हणून जाहीर केलं, गावोगाव जनावरांच्या छावण्या लागल्या. इकडे बाजार तीन दिवसांत असा बसला की टीव्हीवरची माणसं घाम पुसत बोलायला लागली. पहिल्या दिवशी मी स्वतःला माझंच वाक्य ऐकवलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळेला मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला आणि माझे सगळे शेअर विकून टाकले. मिळेल त्या भावाला. हे कुणालाही सांगितलं नाही.

आणि मग जो विचार आला, तो नुकसानीचा नव्हता. तो असा होता—अंकुशरावांनी विकले नसतील.

त्यांनी विकले नव्हतेच. पुढच्या रविवारी ते शिरूरला आले. माझ्या ओट्यावर बसले, पाण्याचा तांब्या अर्धाच प्यायले आणि उरलेलं पाणी शोभाला परत दिलं, वाया जायला नको म्हणून. कारखाना बंद, पण त्यांना एका छावणीवर चारा वाटपाचं काम मिळालं होतं. मंदाची शिलाई चालू होती. घर कसंबसं निघणार होतं. वैशाली बारावीला, फी लागणार ती पुढच्या वर्षी. म्हणजे शेअर विकायची त्यांना काहीएक गरज नव्हती. हे मला नीट माहीत होतं—हे लक्षात ठेवा.

ते म्हणाले, 'सर, बाजार लई बसलाय म्हणतेत. म्या काई इकायचा न्हाई. पर तुमच्या कानावर घातल्याबिगर राहवंना, म्हणून आलतो.'

बस, एवढंच. त्यांना एक वाक्य हवं होतं, 'घाबरू नका, राहू द्या.' ते ऐकून ते दुपारच्या गाडीनं गेले असते. आणि मला दिसत होतं की ती कंपनी ठणठणीत आहे. माझ्या ओट्यावरून समोरच्या आळीत नऊ घरं दिसतात. त्यातल्या सहा घरांपुढे त्या दुष्काळात नव्या काळ्या टाक्या आल्या होत्या, टँकरचं पाणी साठवायला. भाव पडला होता तो सगळ्या बाजाराबरोबर. तो वर येणार हे सातवीच्या पोरानंही सांगितलं असतं. मी तर गणिताचा मास्तर.

मी म्हणालो, 'विका.'

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी घसा साफ केला आणि त्यांना समजावून सांगायला लागलो. काय सांगितलं? तेच, जन्मभर सांगत आलो ते. अंकुशराव, तुम्ही भावनेत अडकलाय. सभा, फोटो, सभासद—बाजारात याला किंमत नसते. मन दारात काढून ठेवा. माझा आवाज शांत होता, वर्गात असतो तसा. आणि माझं स्वतःचं मन? ते त्या वेळी माझ्या आत मांडी घालून बसलं होतं आणि एकच म्हणत होतं—मी बुडालो, मग हा का तरावा?

तरी त्यांचं मन होईना. ते सोबत आणलेला तो लॅमिनेट केलेला कागद मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. तेव्हा मी खोटं बोललो. म्हणालो, 'माझा एक विद्यार्थी पुण्यात त्याच कंपनीत आहे. आतली बातमी आहे. कंपनीचं काही खरं नाही. महिन्या-दोन महिन्यांत कुलूप लागेल.'

असा विद्यार्थी नव्हता. त्या कंपनीत माझं काळं कुत्रंही ओळखीचं नव्हतं.

त्यांचा चेहरा उतरला. पण मला काय म्हणाले असतील? 'त्या म्हाताऱ्यांला कुणी सांगितलं आसंल का हो सर? सभंत माझ्या फुडं बसलते ते.' मग फोन मागितला. माझ्याच फोनवरून बीडच्या ब्रोकरला सांगितलं, उद्या बाजार उघडला की सगळे विका. फोन ठेवल्यावर विचारलं, 'मंग आता मला सभंला बोलवणार न्हाईत ना?'

मी म्हणालो, नाही.

त्यांना मी स्टँडवर सोडायला गेलो. चहा पाजला. घरी आलो, जेवलो, आणि कितीतरी दिवसांनी दुपारची झोप लागली—गाढ. शोभा म्हणाली, आज चेहरा बरा दिसतोय.

यापुढचं सांगायला त्याहून जड जातं. पाच-सहा महिन्यांत भाव वर आला, पूर्वीच्याही वर गेला, आणि मग थांबेचना. मी रोज बघायचो. माझ्याकडे त्यातला एकही शेअर नव्हता, म्हणजे माझंही नुकसानच होतं. पण तो चढला की मला गुदगुल्या व्हायच्या. का? कारण तो त्यांच्याकडे नव्हता. स्वतःच्या घराला आग लागलेली असताना शेजाऱ्याचं जास्त जळतंय म्हणून खूश होणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी त्याला रोज दाढी करताना बघायचो.

शेअर घरात होते तेव्हा त्यांना कुणी हात लावला नसता. सभासदकी मोडून कुणी दळण आणत नाही. पण त्याचे पैसे झाले, आणि पैसे खर्च होतात. टँकरचं पाणी, आईचं दुखणं, पुतणीचं लग्न. छावणी बंद झाली. पुढच्या वर्षीही कारखाना बंदच राहिला. वैशालीला बारावीला चांगले मार्क पडले, आणि फॉर्म भरायची मुदत संपली तेव्हा घरात काही शिल्लक नव्हतं. दिवाळी झाल्यावर अंकुशराव आणि मंदा एका टोळीबरोबर पश्चिमेकडे ऊस तोडायला गेले. आयुष्यभर ज्या टोळ्या फडात नेऊन सोडल्या, त्यांच्याच रांगेत हातात कोयता घेऊन उभे राहिले. तिथला चिटबॉय त्यांना म्हणे 'ए म्हाताऱ्या' म्हणायचा. हे त्यांनीच मला हसत सांगितलं. चार हंगाम गेले दोघं. मंदाची कंबर कायमची गेली.

आणि ते माझे उपकार मानतात!

कारण त्यांना ठाऊकच नाही. ते कधीच भाव बघत नव्हते, मग विकल्यावर कशाला बघतील? त्यांच्या लेखी ती कंपनी बुडाली. टाक्या अजून दिसतात, त्यावर नाव तेच असतं, तर म्हणतात, दुसऱ्या कुणी घेतली असंल नावासगट. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मांडवात पोरांनी आग्रह केला म्हणून ते उठले आणि माइक हातात धरून बोलले. म्हणाले, 'मी अडाणी मानूस, जीव गुतवून बसलतो. सरांनी सांगितलं, मन बाजूला ठिवा. सर नसते तर हाय ते बी बुडलं असतं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंदा पुढे येऊन माझ्या पाया पडली, वाकताना कमरेला हात लावून. 'दाजी, तुमी व्हताव म्हणून वाचलो.' मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणालो.

तेव्हा सांगता आलं असतं. त्याआधीही आलं असतं, पहिल्या महिन्यातच, ते परत घेऊ शकले असते तेव्हा. मी रोज ठरवत होतो असंही नाही. खोटं कशाला बोलू—मी सांगायचं कधी ठरवलंच नाही.

वैशाली आता बीडला एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी असते. लायसन दुसऱ्याचं, पगार साधा. पण हुशार. गिऱ्हाइकाची चिठ्ठी बघताक्षणी हात बरोबर त्या खणात जातो. दोन महिन्यांतून एकदा मी रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याकडूनच घेतो. तीच म्हणाली होती, 'काका, दुसरीकडून घेऊ नका, मी तारीख बघून देत जाईन.'

मागच्या खेपेला दुकानात गर्दी नव्हती. तिनं गोळ्या काढल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्याकडे दिलीच नाही. हातात धरून ठेवली. म्हणाली, 'काका, त्या टाक्यांच्या कंपनीचा भाव मी मोबाइलवर बघितला. मागचा सगळाच बघितला. आमच्या आप्पांना नाही सांगितलं.' मी पाकीट काढून नोटा मोजायला लागलो. मग तिनं विचारलं, अगदी साधं, पत्ता विचारावा तसं—'तुमचा तो पुण्याचा विद्यार्थी, त्याचं नाव काय होतं?'

मी नाव सांगितलं. माझ्या एका खऱ्या विद्यार्थ्याचं नाव घेतलं, जो बिचारा कधी पुण्याला राहिलाही नाही. सफाईनं सांगितलं. बॅचसुद्धा सांगितली.

तिनं मान डोलावली आणि पिशवी दिली. 'जेवणानंतर घ्या,' म्हणाली, 'विसरू नका.'

तिला खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. ते शेअर अंकुशरावांकडे राहिले असते तर ती आज स्वतःच्या लायसनवर दुकानात उभी असती. ते पडतील असं मला वाटलं म्हणून मी विका म्हणालो नव्हतो. ते वर जाणार याची मला खात्री होती, म्हणून म्हणालो.